अर्थ सांग, नाहीतर उचल

शब्दकोशात तो शब्द नव्हता, आणि तिने पहिल्यांदा दोष दिला तो शब्दकोशाला. मुलाच्या शाळेच्या वेळचा इंग्रजी कोश, पुठ्ठा निघालेला, मधली पानं सुटी झालेली. गेला असेल एखादा शब्द पानासकट. तिने पानांचे आकडे तपासले. क्यूची पानं सगळी जागच्या जागी होती. मुळात होती किती, तर सहा. त्या सहा पानांवरून तिने वरपासून खालपर्यंत बोट नेलं, चष्मा पुसला, पुन्हा नेलं. क्वेनिल नव्हता. मग स्टुलावर चढून कपाटावरचा दोन खंडांचा जाडजूड कोश तिने खाली घेतला. नवऱ्याला निवृत्त होताना कचेरीने दिलेला, पाठीवर सोनेरी अक्षरं असलेला. उघडताना त्याची पानं करकरत एकमेकांपासून सुटली. बारा वर्षांत हा खंड कोणी उघडलेलाच नाही हे तिच्या लक्षात आलं, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. डिक्शनरीला डिक्शनरी कशाला लागते? शेजारीपाजारी, कचेरीतले लोक, एवढंच काय सलूनवालासुद्धा नवऱ्याला डिक्शनरीच म्हणायचे. मोठ्या कोशातही क्वेनिल नव्हता. आतल्या खोलीत डिक्शनरी दुपारची झोप घेत होती, तोंड एका बाजूने किंचित उघडं, उजवा हात उशीवर कोणीतरी ठेवून विसरल्यासारखा. ठेवला तिनेच होता. ती दारात उभी राहून त्या हाताकडे बघत राहिली. अजून तिला राग आला नव्हता.

सात महिन्यांपूर्वी दाढी करता करता नवरा न्हाणीघरात पडला आणि त्याची वाचा गेली. उजवी बाजू थोडी परत आली, वाचा नाही. आता त्याच्याकडे दोनच शब्द उरले होते, 'बरं' आणि 'बस', आणि तेही हवे तिथे पडत नसत. भूक लागली तरी बरं, लागलं खुपलं तरी बरं, समोर टीव्हीवर आग लागलेली इमारत दाखवली तरी बरं. गेलेली वाचा परत आणण्याचं काम करणारी एक मुलगी दर गुरुवारी अकरा वाजता घरी यायची. हुशार होती, गोड बोलायची आणि काकू काकू करत कामं लावून जायची. गेल्या गुरुवारी टेबलाखाली तिला इंग्रजी अक्षरखेळाचा पट दिसला तेव्हा तिला कोण आनंद झाला. "काका हे खेळायचे? मग उत्तमच झालं की! काकू, असं करा, त्यांच्या आवडीच्या तीस शब्दांची कार्डं बनवा. पुढे शब्द, मागे अर्थ. आपण त्यांना नुसती अक्षरं द्यायची, शब्द त्यांनी शोधायचा. लाडके शब्द मेंदूत खोल रुतलेले असतात, ते आधी वर येतात." जाताना जिन्यात तिने आवाज खाली आणून हेही सांगितलं की साधारण वर्षभरात जे परत येतं ते येतं, पुढे फारसं काही येत नाही. म्हणजे हातात पाच महिने होते.

लाडके शब्द शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. खेळाच्या सतरा वह्या होत्या. चौतीस वर्षांतला प्रत्येक डाव, प्रत्येक शब्द, त्यापुढे गुण, कोणी लावला त्याची खूण. नवरा विमा कंपनीत पत्रव्यवहार विभागाचा प्रमुख होता आणि नोंद ठेवल्याशिवाय त्याला शिंकही आली नसती. कचेरीतली सगळी इंग्रजी पत्रं त्याच्या हाताखालून जायची. बाकीच्यांना धड दोन ओळी लिहिता यायच्या नाहीत, त्यामुळे तिथे त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. वासरात लंगडी गाय शहाणी, असं आता सोमवारी दुपारी, हातात कोरी कार्डं घेऊन बसलेली असताना तिला वाटून गेलं, आणि असं वाटल्याबद्दल ती दचकली. चौतीस वर्षांत हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं.

खेळाचा एक नियम होता, तो खोक्यावर छापलेला नव्हता. नवऱ्याने केलेला होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कोणीतरी तो पट भेट दिला आणि पहिल्याच रविवारी तिने त्याला हरवलं. सरळ हरवलं, सत्तर गुणांनी. नवरा बराच वेळ पटाकडे बघत राहिला, मग तिच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून त्याने विचारलं, "याचा अर्थ काय?" तिला माहीत नव्हता. "अर्थ माहीत नसलेला शब्द हा शब्द नसतो, अक्षरं असतात," तो म्हणाला. त्या दिवसापासून घरात नियम झाला, अर्थ सांग, नाहीतर उचल. पाहुणे खेळायला बसले की नियम नसे, पाहुण्यांना कसं विचारायचं? मुलगा खेळू लागला तेव्हा त्याला नव्हता, लहान आहे म्हणून. नियम तिच्यासाठी होता, आणि अर्थातच नवऱ्यासाठीही होता, पण नवऱ्याला विचारायची वेळच यायची नाही. तो शब्द लावायचा आणि कोणी विचारायच्या आत अर्थ सांगून मोकळा व्हायचा. क्वेनिल, मेंढीची लोकर पिंजून झाल्यावर तळाशी उरतो तो चुरा. जिंडल, गलबताच्या सुकाणूला बांधायची चामड्याची वादी. झोव्हर, दुष्काळाच्या वर्षी उशिरा पेरलेलं धान्य. ती ऐकत राहायची. एका शब्दात एवढं मावतं, आणि हे सगळं या माणसाच्या डोक्यात आहे, आणि हा माणूस आपला आहे, याचा तिला अभिमान वाटायचा. अभिमान! ती कार्ड हातात घेऊन स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "अभिमान म्हणे," आणि आतून नवऱ्याचा आवाज आला, "बरं."

तिला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं येत होती, आणि या दोन गोष्टींत केवढं अंतर असतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात तिची उभी नोकरी गेली. तळघरातली लांबलचक खोली, छतापर्यंत लोखंडी घडवंच्या, त्यांवर चाळीस हजार रुग्णांच्या फायली अक्षरवारीने लावलेल्या. वरून फोन आला, कोणी नाव उच्चारलं की तिचा हात फायलीवर गेलेला असायचा. नाव ती वाचायची नाही, त्यातली अक्षरं तिला दिसायची, माणसाच्या चेहऱ्यात नाक डोळे दिसतात तशी. हे तिथेच थांबलं नाही. साबणाच्या वेष्टनावर, बसच्या पाटीवर, औषधाच्या खोक्यावर तिला शब्दांत दडलेले शब्द दिसू लागले. क्यू असलेले, पण क्यूच्या मागोमाग यू नसलेले. झेड आणि एक्स दोन्ही पोटात असलेले. नुसते स्वर. एकही स्वर नाही असे. बाद झालेल्या रजिस्टरांच्या मागच्या पानांवर तिने त्यांच्या याद्या केल्या होत्या, जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात. इतर बायका विणकाम करायच्या. ही शब्द जमवायची, आणि जमवायची ते रविवारी नवऱ्याला हरवायला, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. याद्यांपुढे ती अर्थही लिहू लागली, तळघरातल्या कोशात बघून. तर नवऱ्याने नियम आवळला. नुसता अर्थ नको, वाक्यात वापरून दाखव. दाखवलं तर, हे वाक्य कोणी इंग्रज बोलेल का? नाकाने कांदे सोलायचे म्हटलं की काहीही सोलता येतं.

झॅक्स. हा शब्द तिला अजून दाताखाली खड्यासारखा लागे. तीन अक्षरं, झेड, ए, एक्स, दुप्पट गुणांच्या घरात, अडतीस गुण, आणि डाव संपायला दोन खेळ्या. मुलगा नऊ वर्षांचा होता, गुण लिहायला बसलेला. तो "आईऽ!" म्हणून ओरडला होता. तिने अर्थ पाठ केला होता. छपरावरची दगडी कौलं कापायचं हत्यार. नवरा हसला नाही, चिडला नाही. कचेरीतल्या पत्रावर शेरा मारताना बोलावं तसं शांतपणे म्हणाला, "कापायचं, की भोक पाडायचं?" ती थबकली. कोशात दोन्ही होतं का? की एकच होतं? "कापायचं," ती म्हणाली, पण तिच्या आवाजाने घात केला. "नक्की?" "म्हणजे, बहुतेक." "बहुतेक," नवरा म्हणाला. "उचल." तिने तीन अक्षरं उचलली आणि मुलाने अडतीस आकडा खोडला, जीभ बाहेर काढून, नीट, पट्टीने रेघ मारून. आता मोठा कोश उघडलाच होता म्हणून तिने झेडचं पान काढलं. दगडी कौलं कापायचं आणि त्यांना खिळ्यासाठी भोक पाडायचं हत्यार. दोन्ही. एका ओळीत दोन्ही लिहिलेलं होतं.

संध्याकाळी तिने मुलाला फोन लावला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. "तुझ्या फोनमध्ये बघ रे एक शब्द," म्हणून तिने एकेक अक्षर सांगितलं. पलीकडे मुलाने शोधून पाहिलं. "असा शब्दच नाहीये, आई." "फोनमध्ये नसेल. जुना शब्द आहे." "अगं, फोनमध्ये सगळे असतात. खापरपणजोबांच्या वेळचे पण असतात." "लोकरीच्या धंद्यातला आहे. त्या लोकांनाच माहीत असणार." ती बाजू मांडत होती. शब्द नाही हे दोन कोशांनी आणि एका फोनने सांगून झालं तरी ती नवऱ्याचं वकीलपत्र घेऊन उभी होती. तेवढ्यात मुलगा हसला. "थांब थांब, हाच ना तो, निबंधातला? ज्याच्यासाठी तू बाईंशी भांडायला आली होतीस?"

ते ती विसरली नव्हती, पण ते आणि हे एकच आहे असं तिने अजून जुळवलं नव्हतं. मुलाने पाचवीत इंग्रजी निबंधात तो शब्द घातला होता, त्याच्या बाईंनी त्याला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, असा शब्द नाही. जेवताना तिने वही नवऱ्यापुढे धरली. नवऱ्याने गोलाकडे पाहिलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "जाब विचारायला हवा." मग म्हणाला, "मी गेलो तर बाई घाबरून जाईल. तूच जा." आणि ती गेली. कामावरून अर्धी रजा टाकून, इस्त्रीचे कपडे घालून, त्या हडकुळ्या शिक्षिकेपुढे उभी राहिली आणि तिच्या तोंडावर म्हणाली, "तुम्हाला येत नाही म्हणजे शब्द नाही असं होत नाही." असंच म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज आत्ता तिला कानात ऐकू आला, चढा, गर्विष्ठ, नवऱ्याकडून उसना आणलेला. शिक्षिका आधी लाल झाली, मग म्हणाली, "असेल हो. तुम्ही म्हणता तर असेल." गोल खोडला. घरी येऊन तिने सगळं रंगवून सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरं केलंस." कोश घरात होता. शिक्षिकेच्या घरीही असेलच. तिने त्या रात्री उघडून पाहिला असेल, दुसऱ्या दिवशी इतर शिक्षिकांना दाखवला असेल, आणि त्यानंतर प्रत्येक पालकसभेत ती बाई आपल्याकडे बघून कसल्या नजरेने हसायची ते आता कळलं. आपल्याला वाटायचं, वचकून आहे. "आई? आहेस ना?" मुलगा म्हणत होता. तिने फोन ठेवला आणि मग तिला राग आला. ती जेवणाच्या टेबलाची कड धरून बसली.

सोमवारी रात्री आणि मंगळवारी दिवसभर तिने सतरा वह्या पालथ्या घातल्या. फायली तपासणाऱ्या बाईला वह्या तपासणं काय जड? नवऱ्याचे अनोळखी शब्द एका कागदावर, प्रत्येक कोशात बघून, असलेल्यापुढे बरोबरची खूण, नसलेल्यापुढे फुली. फुल्या एकेचाळीस झाल्या. त्या कुठे पडल्यात हे तिने मग बघितलं. एकही फुली तो पुढे असतानाची नव्हती. प्रत्येक खोटा शब्द तो मागे पडलेला असताना, डाव संपत आलेला असताना आणि क्यू नाहीतर झेड हातात अडकलेलं असताना लावलेला होता. म्हणजे एकेचाळीस डाव ती जिंकलेली होती. पण डाव गेले चुलीत. शेवटी खेळच तर होता. एकेचाळीस काय, चारशे डाव हरली असती. पण एकदा नोंदणी अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली तेव्हा मुख्य डॉक्टरांनी तिला स्वतः बोलावून विचारलं होतं. तळघरातून वर, खिडकी असलेल्या खोलीत. तिने घरी येऊन सांगितलं आणि नवरा म्हणाला, वाईट बोलला असंही नाही, काळजीने बोलला, "पत्रं लिहावी लागतील. तू शब्द वापरशील, अर्थ धड माहीत नसेल. रविवारी घरात ठीक आहे, तिथे हसं होईल." तिने नकार कळवला. तिच्याच हाताखाली शिकलेली मुलगी त्या खोलीत बसली आणि ही चौदा वर्षं तिला फायली नेऊन देत राहिली. ती मुलगी पत्रात चुका करायची. ढीगभर करायची. कोणी हसलं नाही, सगळेच करायचे. हे दिसत असूनही ही मूग गिळून बसली, कारण रविवारी दुपारी हिला नीट समजावून सांगितलेलं होतं की शब्द म्हणजे काय आणि नुसती अक्षरं म्हणजे काय.

बुधवारी सकाळी तिने नवऱ्याची दाढी केली. रोज करायची. खुर्ची खिडकीजवळ, मान मागे, गळ्याभोवती टॉवेल. साबणाचा फेस, त्याखाली सैल झालेली कातडी, ताणून धरायला लागायची. आज त्या मानेवरची शीर तिला रोजच्यापेक्षा स्पष्ट दिसत होती. ती रागाने आतून बाहेरून पेटलेली होती आणि तिचा हात नेहमीसारखाच चालत होता, हलका, बिनचूक, कानाखालच्या खाचेत वस्तरा किंचित वळवत. हात चुकला नाही याचा तिला आणखी राग आला. इतक्या वर्षांत हातालासुद्धा वळण लागलं. नवरा छताकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काय होतं? काही माणसं इतक्या ठामपणे बोलतात की स्वतःचं खोटं त्यांनाच खरं वाटू लागतं. याचंही तसं झालं असेल का? तरुणपणी कुठेतरी चुकीचा ऐकला असेल एखादा शब्द, अर्थ मनाने जोडला गेला असेल. एकेचाळीस वेळा? तरीही. तसं असेल तर तिला राग गिळता आला असता, मूर्ख माणसाबरोबर राहणाऱ्या बायका जगात थोड्या नाहीत. पण माहीत असेल तर. वहीतला लाल गोल बघून पाणी पिताना माहीत असेल, तूच जा म्हणताना माहीत असेल. तिला एवढं एकच हवं होतं, माहीत होतं का. हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्यापाशी दोन शब्द उरले होते. तिने फेस पुसला. विचारावं असं तोंडाशी आलं होतं, पण खिडकीजवळच्या खुर्चीत, गळ्याभोवती टॉवेल असलेल्या माणसाला विचारलं तर ते नवराबायकोचं भांडण झालं असतं, आणि त्यात तो 'बरं' म्हणाला असता. तिला विचारलं जायचं ते मुलादेखत, पटावर, समोरासमोर. तिने गालाला लावायचं क्रीम लावलं आणि हनुवटीवर जरा जास्तच जोराने चोळलं.

गुरुवारी मुलगाही आला, महिन्यातून एकदा तो उपचाराला हजर राहायचा. उपचारवाल्या मुलीने टेबल खिडकीशी ओढून घेतलं, पट उघडला, काकांच्या डाव्या हाताशी अक्षरं ठेवायची लाकडी पट्टी आली. पहिली पाच कार्डं बरी गेली. घर, पाणी, पत्र, दोनदा मदत लागली. बायकोचं नाव त्याला लावता आलं नाही. इंग्रजीत ते चारच अक्षरांचं होतं. दोन अक्षरं लावून तो थांबला आणि "बस" म्हणाला. मुलाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "होईल हं काकू," उपचारवाली मुलगी म्हणाली. तिने खांदा सोडवून घेतला, गठ्ठ्याखालचं एक कार्ड वर काढलं, शब्दाची बाजू तळहाताने झाकून मुलीपुढे सरकवलं आणि स्वतः पेटीतून सहा अक्षरं शोधून नवऱ्यापुढे ठेवली. उलटसुलट, मिसळून. "एवढं अवघड नको आत्ता," मुलगी म्हणाली, "क्यू आहे यात." "लाडका शब्द आहे," ती म्हणाली. "बघू तर खरं."

नवरा अक्षरांकडे बघत राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत होता. मग त्याचा डावा हात हलला. क्यू. त्याने ते पट्टीच्या डाव्या टोकाला नेलं आणि नीट बसवलं. यू. मग ई, आणि इथे मुलगा पुढे वाकला. एन आडवं पडलं होतं, ते त्याने बोटाने फिरवलं. आय. एल. चार मिनिटं लागली असतील. बायकोचं नाव गेलं होतं, मुलाला हाक मारता येत नव्हती, पाणी हवं असेल तर पाणी म्हणता येत नव्हतं, आणि हे होतं, जसंच्या तसं, एकही अक्षर न चुकता. त्याने सहा अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि तो हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा हसला. आधी डोळे, मग चांगल्या बाजूचा ओठ, मग खांदे हलू लागले आणि घशातून आवाज येऊ लागला, खुळखुळ, खरा, जुना. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा! आई, बाबा हसताहेत!" उपचारवाली मुलगी टाळ्या वाजवत होती. "काकू, काय जादू केलीत! कसला शब्द आहे हा? मला पण माहीत नाही. हा आपण रोज लावायचा हं, रोज, जेवणाआधी. मागे अर्थ लिहिलाय ना?" मुलीने कार्ड उलटलं. मागची बाजू कोरी होती.

ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला हवं होतं ते मिळालं होतं, यापेक्षा स्वच्छ उत्तर वाचा असती तरी मिळालं नसतं. पकडलेला चोर असा हसत नाही. त्याचा चेहरा म्हणत होता, अगं वेडे, आत्ता कळलं? इतकी वर्षं लागली? मजेत होता तो, खुशीत होता, आणि त्या मजेत तिने सामील व्हावं म्हणून तिच्याकडे बघत होता, जणू दोघांनी मिळून कोणा तिसऱ्याचीच फजिती केली होती. आणि या सगळ्यात संतापजनक असं काही होतं तर ते हे, की नियम दोघांसाठी होता. ती कधीही विचारू शकली असती. चौतीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, पटावर बोट ठेवून म्हणाली असती, हा अर्थ खरा कशावरून, वाक्यात वापरून दाखवा, तर संपलं असतं सगळं. तो कदाचित वाटच बघत असेल. तिला कधी सुचलंच नाही. सुचू नये अशी व्यवस्था त्याने पहिल्याच रविवारी करून ठेवली होती, आणि तिने ती व्यवस्था रोज झाडूनपुसून लख्ख ठेवली होती. मुलगा हसत होता, मुलगी हसत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपलेही ओठ हलायला लागलेत, घरात सगळे हसले की हलतात तसे, सवयीने. तिने दातांवर दात आवळले.

"अर्थ नाहीये त्याला," ती मुलीला म्हणाली. "शब्दच नाही तो. खोटा आहे. आणि खोटा आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून हसताहेत."

"आई, जाऊ दे ना," मुलगा म्हणाला. "आत्ता काय त्याचं? हसले ते बघ की."

"तू बघ. याच शब्दासाठी मला तुझ्या शाळेत पाठवलं होतं यांनी."

"अगं, वीस वर्षं झाली त्याला!"

"म्हणूनच." तिने खुर्ची ओढली आणि पटाच्या पलीकडे नवऱ्यासमोर बसली. इतकी जवळ, की दोघांचे गुडघे टेबलाखाली लागले. तिने सहा अक्षरांवर बोट ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. "अर्थ सांगा," ती म्हणाली.

"आई, ते कसे सांगणार? तुला कळतंय का तू काय..."

"कसा सांगतात ते मला माहीत आहे. मी सांगत आलेय. वाक्यात वापरूनसुद्धा." तिने मुलाकडे पाहिलंच नाही. "सांगा."

नवऱ्याचं हसू ओसरत गेलं. खांदे थांबले, ओठ जागेवर आला, डोळ्यांतली मजा थोडा वेळ रेंगाळली आणि तीही गेली. त्याने मुलीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. नेहमी तिथून मदत यायची. मुलगी पुढे झाली, पण त्याच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं, कारण तिने हात लांब करून मुलालाही थांबवलं. नवरा पुन्हा बायकोकडे वळला. "बरं," तो म्हणाला.

"बरं नाही. अर्थ."

त्याच्या गळ्यातली शीर फुगली. जबडा एका बाजूला गेला, जीभ टाळूला टेकली, सुटली, पुन्हा टेकली. कपाळावर घाम आला. "क्," तो म्हणाला, आणि हा त्याच्या दोन शब्दांतला नव्हता. मुलीने झटकन वही उघडून काहीतरी लिहिलं. "क्," तो पुन्हा म्हणाला आणि थांबला, धापा टाकत.

"बारा वाजत आले, काकू," मुलगी हलकेच म्हणाली. "खूप झालं आजच्यासाठी. दमले ते."

"तुम्ही निघा," ती म्हणाली. तिचं बोट अजून अक्षरांवरच होतं. "मी बसलेय. मला घाई नाही."